मनाचे आजार आणि योगाची सोबत

(द्वितीय वर्ष, कला शाखा)

'योग' हा शब्द उच्चारला की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे दोन चित्रे उभी राहतात. एक, डोळे मिटून गुहेत बसलेल्या साधूचे. आणि दुसरे, २१ जूनच्या सकाळी कॉलेजच्या मैदानावर सतरंज्या अंथरून हातपाय ताणणाऱ्या आपल्या सर्वांचे. २०१५ पासून हा दिवस आंतरराष्ट्रीय योग दिन म्हणून पाळला जातो आणि आपल्याकडेही तो उत्साहाने साजरा होतो. (नंतर मिळणाऱ्या चहा-पोह्यांचा या उत्साहात काही वाटा आहे, हे मान्य करायला हरकत नसावी.) पण या दोन्ही चित्रांत मन कोठेच दिसत नाही. वास्तविक योगाचा मूळ विषय मन हाच आहे. मग हे मनच आजारी पडले तर योगाचा उपयोग होतो का? होत असेल तर तो कसा होतो, आणि कोठवर? वाचलेल्या, वर्गात ऐकलेल्या आणि घरात पाहिलेल्या गोष्टींच्या आधारे या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात करीत आहे.

पतंजलींच्या योगसूत्रांची संख्या १९५ च्या आसपास आहे. त्यांपैकी आसन कसे असावे हे सांगणारी सूत्रे अवघी तीन. ग्रंथाचा बराच मोठा भाग चित्ताविषयी बोलतो. ते कसे धावते, कशाने ढवळते आणि कशाने निवळते. पहिल्या पादात पतंजलींनी साधकाच्या वाटेतली नऊ विघ्ने सांगितली आहेत. त्यांत शरीराची व्याधी आहे, संशय आहे, आळस आहे, काही करावेसेच वाटू नये अशी मनाची जडता आहे, आणि गाठलेल्या जागी टिकून न राहता येणे हेही आहे. लगेच पुढच्या सूत्रात या विघ्नांच्या संगतीने येणारी चार लक्षणे दिली आहेत: दुःख, मनाची खिन्नता, अंगाचा कंप आणि श्वासाची बिघडलेली लय. आमच्या मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात चिंता आणि नैराश्य या विकारांची जी लक्षणे दिली आहेत, ती याच्या शेजारी ठेवून पाहावीत. उदासपणा, थरथर, धाप लागणे, छाती भरून येणे. साम्य पाहून आश्चर्य वाटते.

तथापि येथे घाई करू नये. पतंजलींनी ग्रंथ लिहिला तो कैवल्याच्या मार्गाला लागलेल्या साधकासाठी. दवाखान्यात आलेल्या रुग्णासाठी नव्हे. त्यांच्या सूत्रांतून आजच्या रोगांची नावे शोधून काढणे म्हणजे ग्रंथावरही अन्याय आणि रुग्णावरही. आपल्या उपयोगाचे आहे ते त्यांचे निरीक्षण. मन, अंग आणि श्वास ही तिन्ही एकदमच बिघडतात हे त्यांनी पाहिले होते. उपाय सांगतानाही ते तिन्ही बाजूंनी जातात. सुखी माणसाशी मैत्री, दुःखी माणसाविषयी करुणा, चांगले कृत्य पाहून आनंद आणि वाइटाकडे दुर्लक्ष, असे वागल्याने चित्त प्रसन्न राहते, हा एक उपाय. आणि श्वास सावकाश बाहेर सोडून रोखणे हा त्याच्या लगेच पुढचा.

गीतेच्या पहिल्या अध्यायाला 'अर्जुनविषादयोग' म्हणतात हे आपण सर्वजण जाणतो. अर्जुनाचे तोंड कोरडे पडते, अंग कापते, त्वचेचा दाह होतो, मन भ्रमल्यासारखे होते. श्रीकृष्ण त्याला 'आसन घाल' असे तेथे सांगत नाही. तो आधी त्याचे म्हणणे ऐकून घेतो आणि मग बोलत राहतो. ध्यानाला कसे बसावे हे येते सहाव्या अध्यायात, ज्याचा ज्ञानेश्वरीत एवढा मोठा विस्तार झाला आहे. तत्त्वज्ञानाच्या सरांना माझे हे वाचन भाबडे वाटेल. पण आधी बोलणे आणि नंतर बसणे हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो, आणि त्याचे कारण पुढे येईलच.

आता शरीराकडे वळू. आपल्या शरीरात स्वायत्त चेतासंस्था आहे आणि तिच्या दोन शाखा आहेत. अनुकंपी शाखा संकटाच्या वेळी हृदयाचे ठोके वाढवते, घाम आणते, स्नायू ताठ करते. परानुकंपी शाखा हेच सारे खाली आणते. चिंतेच्या विकारात संकट समोर नसतानाही पहिली शाखा जागीच राहते. हृदय, पचन, घाम यांवर आपला थेट ताबा चालत नाही. ठोके कमी व्हा असे म्हटल्याने ते होत नाहीत. श्वास मात्र आपोआप चालतो आणि ठरवले तर आपल्याला चालवताही येतो. म्हणून श्वास हा या संस्थेत शिरण्याचा दरवाजा होतो. हे कोणालाही करून पाहता येईल. मनगटावर बोट ठेवून नाडी पाहावी आणि सावकाश श्वास घ्यावा. आत घेताना नाडी किंचित जलद होते आणि सोडताना मंद होते. सोडण्याचा वेळ लांबवला की मंदपणाचा वाटा वाढतो. हे काम मुख्यतः व्हेगस नावाच्या मज्जातंतूकडून होते.

साधारण निरोगी माणूस विश्रांतीत असताना मिनिटाला बारा ते वीस श्वास घेतो. इटलीतील बर्नार्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक गमतीदार अभ्यास छापला. ख्रिस्ती लोकांची जपमाळेवरची लॅटिन प्रार्थना आणि योगातील मंत्र, दोन्ही म्हणताना माणसाचा श्वास आपोआप मिनिटाला सुमारे सहापर्यंत उतरतो आणि त्या लयीत हृदय व रक्तदाब यांचे चढउतार एकमेकांशी जुळतात, असे त्यांना आढळले. आमच्या गावी संध्याकाळी देवळात हरिपाठ म्हणतात, त्यांचे श्वास कोणी मोजले तर काय निघेल याचे मला कुतूहल आहे.

योगाला प्रयोगशाळेत नेण्याचे काम सर्वांत आधी ज्यांनी केले त्यांत स्वामी कुवलयानंदांचे नाव घ्यावे लागते. त्यांचे पूर्वाश्रमीचे नाव जगन्नाथ गणेश गुणे. लोणावळ्याला जाण्यापूर्वी ते आमच्या खानदेशात अमळनेरच्या शिक्षणसंस्थेत काम करीत होते, ही गोष्ट आमच्याकडेही फार थोड्यांना ठाऊक आहे. नौली आणि उड्डियान या क्रियांनी शरीरात नेमके काय घडते हे त्यांनी १९२० च्या सुमारास बडोद्याच्या रुग्णालयात क्ष-किरण आणि दाबमापक यंत्रे लावून पाहिले. १९२४ मध्ये त्यांनी लोणावळ्यास कैवल्यधाम ही संस्था स्थापन केली आणि 'योग-मीमांसा' हे संशोधनाला वाहिलेले नियतकालिक सुरू केले. त्यांची श्रद्धा कमी नव्हती, तरीही ते मोजत होते. १९६३ मध्ये डॉ. विनेकर यांच्यासह त्यांनी योगोपचारावर एक पुस्तक लिहिले. त्यात योगोपचाराची तत्त्वे सांगताना पहिला मान आसनांना न देता मनाच्या योग्य भूमिकेला दिला आहे. स्नायू, मज्जातंतू आणि ग्रंथी यांना नव्याने वळण लावणे त्यानंतर येते.

मनोरुग्णांवर याचा पद्धतशीर वापर मुंबईत झाला. परळच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. एन. एस. वाहिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पतंजलींच्या अष्टांगांपैकी आसन, प्राणायाम, प्रत्याहार, धारणा आणि ध्यान ही पाच अंगे घेऊन एक उपचारपद्धती बसवली. रुग्णाने रोज यायचे, आणि हे काही आठवडे चालवायचे. १९७३ मध्ये त्यांनी आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांच्या प्रयोगातील युक्ती मला फार आवडली. रुग्णांच्या एका गटाला संपूर्ण पद्धती दिली. दुसऱ्या गटाला आसनांसारखे दिसणारे व्यायाम आणि प्राणायामासारखे दिसणारे श्वसन दिले, पण मनाच्या एकाग्रतेचा भाग वगळला. पहिल्या गटाला अधिक गुण आला. म्हणजे नुसते अंग वाकवण्याने किंवा डॉक्टरांच्या सहवासानेच सारे घडले असे म्हणता येत नाही. येथे आणखी एक गोष्ट नोंदवायला हवी. हे रुग्ण चिंता, मानसिक ताणातून आलेली दुखणी अशा विकारांचे होते. सर्व मनोरुग्णांना सरसकट एकच औषध म्हणून योग द्यावा असा दावा त्या डॉक्टरांनी केला नव्हता.

आणि आता २००० सालचा एक अभ्यास, ज्यावर मी थोडी रेंगाळणार आहे. बंगळूरच्या निम्हान्स या राष्ट्रीय संस्थेत तीव्र नैराश्याचे ४५ रुग्ण दाखल करून घेतले आणि त्यांचे पंधरा-पंधराचे तीन गट केले. एका गटाला विजेचा उपचार दिला, दुसऱ्याला इमिप्रमिन हे औषध आणि तिसऱ्याला सुदर्शन क्रिया ही श्वसनाची पद्धती. चार आठवड्यांनी पूर्ण उतार पडलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ९३, ७३ आणि ६७ टक्के निघाले. या आकड्यांकडे बोट दाखवून कोणी म्हणेल, पाहा, योग जवळजवळ औषधाइतकाच गुणकारी! म्हणून मी कागदावर हिशेब मांडला. पंधराच्या गटात ९३ टक्के म्हणजे चौदा माणसे, ७३ टक्के म्हणजे अकरा आणि ६७ टक्के म्हणजे दहा. औषध आणि श्वसन यांत अंतर एका माणसाचे. एका माणसावरून दोन उपचार सारखे ठरत नाहीत, तसा एक दुसऱ्याहून वरचढही ठरत नाही. पण श्वसनाच्या गटातील पाच जणांना पुरता उतार पडला नव्हता हे आकड्यांत स्पष्ट आहे. ते रुग्णालयात होते, डॉक्टरांच्या नजरेखाली होते. हेच पाचजण आपापल्या गावी, कोणाच्याही नजरेबाहेर, श्वास मोजत बसले असते तर?

हा प्रश्न मला पुस्तकातून सुचलेला नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे घरात येणारा प्रत्येक छापील कागद वाचायला माझ्याकडे येतो. विजेचे बिल, पीकविम्याचा फॉर्म, दवाखान्याची चिठ्ठी. अशाच चिठ्ठ्यांवरून माझी या विषयाशी ओळख झाली. माझ्या धाकट्या काकूची ही हकीकत तिला विचारूनच लिहीत आहे. "नाव नको लिहू, बाकी लिही," असे ती म्हणाली.

दुसऱ्या बाळंतपणानंतर तिसऱ्या आठवड्यात काकूची झोप उडाली. ती बोलेना, जेवेना, बाळ रडले तरी तिच्या चेहऱ्यावरची रेघ हलेना. आजी म्हणाली, बाहेरचे लागले. भगत आला, लिंबू झाले, अंगारा झाला. शेवटी गावातल्या आशाताईंनी काकांना बाजूला घेऊन सांगितले की हा बाळंतपणानंतर येणारा आजार आहे आणि याला औषध असते. मग जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात नेले. गोळ्या सुरू झाल्या. दोन महिन्यांनी काकू पूर्वीसारखी भाकऱ्या थापायला बसली तेव्हा माझ्या आईने देवापुढे साखर ठेवली.

त्या हिवाळ्यात गावात एक योगशिबिर झाले. शिकवणाऱ्याने सर्वांदेखत सांगितले की गोळ्या म्हणजे विष; एकवीस दिवस प्राणायाम करा आणि त्या उकिरड्यावर फेका. काकूने गोळ्या एकदम थांबवल्या. पहिले काही आठवडे ती आनंदात होती. पुढे वाचल्यावर मला यातली मेख कळली. अशा औषधांचा सुधारलेला परिणाम ती थांबवल्या दिवशी संपत नाही; आजार परतायला पुष्कळदा काही आठवडे जातात. त्या मधल्या दिवसांचे श्रेय जो समोर असेल त्याला मिळते. पाचव्या आठवड्यात एका पहाटे काकू विहिरीच्या कठड्यावर बसलेली आईला दिसली. आईने हात धरून तिला घरी आणले. याहून अधिक लिहीत नाही.

पुन्हा रुग्णालयात गेलो तेव्हा डॉक्टर रागावतील असे सर्वांना वाटले होते. ते म्हणाले, "ताई, प्राणायाम सोडू नका. गोळीही सोडू नका. गोळी केव्हा कमी करायची ते आपण मिळून ठरवू." तेथील समुपदेशक बाईंनी मात्र काकू काय काय करते ते करवून पाहिले आणि त्यात बदल केला. कपालभाती आणि भस्त्रिका बंद. जलद श्वसनाने रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, बोटांना मुंग्या येतात, गरगरते, छाती धडधडते; आणि चिंतेच्या रुग्णाला तोच आजाराचा झटका वाटतो. त्याऐवजी चार अंकांत श्वास घ्यायचा आणि सहा अंकांत सोडायचा. दहा सेकंदांचा एक श्वास, म्हणजे मिनिटाला सहा. डोळे मिटले की काकूला भीती वाटे, म्हणून शवासन उघड्या डोळ्यांनी, छताच्या वाशांकडे पाहत. ज्या माणसाच्या मनावर मोठा आघात झाला आहे त्याला डोळे मिटून निपचित पडणे सोसत नाही, हे ध्यानात घेणारे शिक्षक फार थोडे असतात.

काकू आजही पाण्याची वेळ होण्यापूर्वी ओट्यावर बसते आणि बोटांच्या पेरांवर श्वास मोजते. तिला मी विचारले, याने काय होते? ती म्हणाली, "धडधड सुरू झाली की काय करायचं ते आता मला ठाऊक आहे. आधी काहीच ठाऊक नव्हतं." मला वाटते, योगाचा मानसिक आजारातला खरा लाभ याच जागी आहे. गोळी बाहेरून येते, तारीख डॉक्टर ठरवतात, भाडे काका देतात. या साऱ्यांत स्वतःच्या हातचे असे तिच्याजवळ एवढेच आहे.

पण तिची एक जखम श्वासाने भरली नाही. बाळ रडत असताना आपल्याला काहीच वाटले नाही, म्हणून आपण वाईट आई आहोत, हे तिच्या मनात घट्ट बसले होते. ते निघाले समुपदेशक बाईंशी अनेक महिने बोलून. आणि थोडेसे आजीमुळे. 'बाहेरचे लागले' म्हणणारी आजीच एके दिवशी भाजी निवडताना म्हणाली की माझ्या वडिलांच्या जन्मानंतर तीही कित्येक महिने रडत होती, तिला कोणी विचारले नाही. काकू त्या दिवशी पुष्कळ बोलली. पतंजलींच्या करुणेत स्वतःवरची करुणा धरावी की नाही हे मला ठरवता येत नाही, मी धरते.

निम्हान्समध्येच २००७ साली प्रसिद्ध झालेल्या आणखी एका अभ्यासात स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांचे दोन गट होते. एकाला योग, दुसऱ्याला साधा व्यायाम. औषधे दोन्ही गटांची चालूच ठेवली होती. चार महिन्यांनी योग करणाऱ्यांत अधिक सुधारणा दिसली. योग येथे जोड-उपचार म्हणून आला, हे महत्त्वाचे. ध्यानाच्या बाबतीत तर फारच जपावे लागते. स्किझोफ्रेनिया होऊन गेलेल्या काही व्यक्तींना दीर्घ, कडक ध्यानसाधनेच्या काळात आजाराचा पुन्हा झटका आल्याची नोंद वॉल्श आणि रोश यांनी १९७९ मध्येच केली आहे. भास होणे, अतिउत्साहाचे झटके येणे, अशा रुग्णांनी मानसोपचारतज्ज्ञाला विचारल्याशिवाय ध्यानशिबिराला बसू नये.

शिबिरवाल्यांना नुसता दोष देऊन भागणार नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात शंभर प्रौढांमागे दहा ते अकरा जण कोणत्या ना कोणत्या मानसिक विकाराने त्रस्त आढळले, आणि त्यांतील फार मोठा वर्ग उपचारांपर्यंत पोहोचतच नाही असे दिसून आले. आमच्या गावाहून रुग्णालयाला जायचे तर दोन एस. टी. बदलाव्या लागतात, दिवसाची मजुरी बुडते आणि वर 'वेड्यांच्या डॉक्टरकडे गेली' हे ऐकावे लागते. शिबिर दारी येते, फुकट असते आणि तेथे गेल्याने अब्रू जात नाही; उलट वाढते. मग लोक कोठे जातील? म्हणूनच योग शिकवणाऱ्याला मनाच्या आजारांची तोंडओळख असणे मला फार निकडीचे वाटते. शिबिरात आलेल्या बाईला 'गोळ्या चालू आहेत का' एवढे विचारून 'असतील तर चालू ठेवा' एवढे सांगता आले, तरी त्याचे मोल मोठे आहे.

जिमखाना समितीला माझी एक सूचना आहे. २१ जूनच्या कार्यक्रमात सूर्यनमस्कारांनंतर दहा मिनिटे राखून हा सावकाश श्वास सर्वांना शिकवावा, विशेषतः वसतिगृहातील मुलामुलींना. परीक्षेच्या आधीच्या रात्री खोल्यांतून काय चालते हे आम्हांला ठाऊक आहे. आणि वसतिगृहाच्या सूचनाफलकावर मेसच्या वेळापत्रकाशेजारी १४४१६ हा क्रमांक मोठ्या अक्षरांत लावावा. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेल्या टेलि-मानस या सरकारी सेवेचा तो क्रमांक आहे. रात्री-अपरात्रीही लागतो, पैसे पडत नाहीत, आणि पलीकडचा माणूस मराठीत बोलतो.